शेवटच्या अंकातला विदूषक

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून चार दिवस आमच्याकडे सांगलीस राहायला आला होता. अभ्यंगस्नान, फराळ, आजीला नमस्कार असे सगळे यथासांग उरकून स्वारी जी आपल्या संगणकापुढे बसली, ती जेवायला तिसरी हाक मारीपर्यंत उठायचे नाव नाही. मास्तराच्या सवयीने मी हळूच पाठीमागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर पृथ्वीचा संहार चालला होता. शहरे जळत होती, माणसे पळत होती, आणि आमचे चिरंजीव एका हाताने चकली खात दुसऱ्या हाताने मानवजात वाचवीत होते.

खेळाचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातल्या बायोवेअर नावाच्या कंपनीने तो तीन भागांत काढला, २००७, २०१० आणि २०१२ साली. एक सेनानी, त्याचे देशोदेशीचे, म्हणजे ग्रहोग्रहीचे सोबती, आणि सारी सृष्टी गिळायला निघालेले यंत्रराक्षस, असा तो पसारा आहे. तिसऱ्या भागात कथेवर काळोख उतरतो. जिवाभावाचे सोबती एकेक करून मरतात. शेवट आला तेव्हा जगभरचे खेळणारे इतके संतापले, की काही महिन्यांतच कंपनीला तोच शेवट वाढवून, समजावून पुन्हा द्यावा लागला. हे सारे मला भाच्यानेच सांगितले. पण मला गंमत वाटली ती त्याच्यापुढच्या गोष्टीची. २०१३ साली कंपनीने त्याच तिसऱ्या भागाला 'सिटाडेल' नावाचे आणखी एक प्रकरण जोडले, आणि त्यात काय, तर धमाल! नायकाचा एक तोतया निघतो (तोतयाची मौज आपल्या रंगभूमीला काही नवी नाही), पाठलाग होतात, कोट्या होतात, आणि शेवटी नायकाच्या घरी सगळ्या सोबत्यांची मेजवानी.

"मामा, हे प्रकरण खरं तर शेवटच्या लढाईच्या आधीचं आहे," भाचा म्हणाला, "पण मी ते कायम शेवटी खेळतो. आधी सगळं संपवतो, आणि मग मागे येऊन ही पार्टी करतो. नाहीतर फार जड जातं."

"आणि जे मेले ते?"

"ते पार्टीत नसतात ना! तेवढं त्यांनी बरोबर ठेवलंय."

आई शेजारी करंज्या लाटीत बसली होती. तिला ना तो खेळ ठाऊक, ना ती कंपनी. लाटणे न थांबवता ती म्हणाली, "म्हणजे गोडाचं जेवणच की रे हे. तेरावं झाल्यावर करतात तसं."

मी गेली वीस वर्षे कादंबऱ्या लिहितो आहे आणि त्याहून जास्त वर्षे पोरांना चित्रकला शिकवतो आहे. शिक्षण मॅट्रिकपुरते, काव्यशास्त्राची पुस्तके वाचली ती वाचनालयाच्या पायरीवर बसून. परंतु करुण आणि हास्य यांच्या संबंधाविषयी त्या पुस्तकांतून मला जे उमगले नव्हते, ते आईच्या या एका वाक्याने पुढ्यात आणून ठेवले. मृत्यूच्या घरात गोड केव्हा शिजवायचे? आधी शिजवले तर ती निर्दयता, मुळीच शिजवले नाही तर घर सुतकातच राहायचे. आपल्या लोकांनी त्याचा दिवससुद्धा ठरवून ठेवला. कथा-नाटक लिहिणाऱ्याला मात्र असा दिवस कोणी ठरवून देत नाही.

त्याच संध्याकाळी मी हरिपूरच्या रस्त्याने फिरायला निघालो. चिंचेच्या झाडांचा तो रस्ता आणि पुढे कृष्णा-वारणेचा संगम सांगलीकरांना सांगायला नकोत. हरिपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला हळदीची पेवे आठवतात, आम्हाला गोविंद बल्लाळ देवल आठवतात. आणि चालता चालता वाटले, की भाच्याला पडलेला प्रश्न या गावच्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला होता.

देवलांबद्दल मला थोडी भाऊबंदकीची माया आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेही मॅट्रिक होऊन बेळगावात मास्तरकी केलेले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात ते नाटकात ओढले गेले. त्यांच्या साऱ्या नाटकांचा हिशोब मी इथे मांडणार नाही. मी फक्त तीन नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहे. देवलांनी ती त्रयी म्हणून लिहिलेली नाहीत. हा माझा खटाटोप आहे, आणि तो कोणास ओढूनताणून केलेला वाटला तर मी भांडणार नाही.

पहिले 'झुंझारराव', १८९० सालचे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे हे मराठी रूप. संशयाने पेटलेला नवरा, निरपराध कमळजा, आणि कानाशी लागणारा जाधवराव. शेवट मृत्यूचा. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९३ साली, देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले. हेही परक्या मातीतले रोप, आर्थर मर्फी नावाच्या नाटककाराकडून आलेले आणि त्याच्याही मागे मोलिएरपर्यंत मूळ गेलेले. विषय काय, तर पुन्हा संशय! नवरा बायकोवर, बायको नवऱ्यावर, प्रियकर प्रेयसीवर. 'ऑथेल्लो'त एक हातरुमाल भलत्या हाती जातो आणि निष्पाप बाईचा जीव जातो. इथे एक तसबीर भलत्या हाती जाते आणि प्रेक्षागृह हसून लोळते. रोग एकच, वैद्य एकच. एक रोगी दगावला, दुसरा खडखडीत बरा झाला.

मला यात देवलांचे मोठेपण दिसते. संशय ही मुळात भयानक गोष्ट आहे की हास्यास्पद, असे त्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनी बहुधा दोन्ही संहिता पुढ्यात टाकल्या असत्या. मात्र एका गोष्टीची नोंद करायला हवी. या दोन नाटकांत त्यांनी काळोख आणि उजेड वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले आहेत. दोन्ही एका छपराखाली आणायचे धाडस त्यांनी केले ते १८९९ साली, 'संगीत शारदा'त. आणि तिथे ना शेक्सपिअर होता, ना मोलिएर. कथा त्यांची स्वतःची, आणि आपल्याच घरादारांतली.

गोष्ट सर्वांना माहीत आहे. पाऊणशे वर्षांचा श्रीमंत विधुर भुजंगनाथ, त्याला नवरी मिळवून देणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित, पैशासाठी पोटची पोर द्यायला निघालेला कांचनभट, आणि ती पोर. विषय असा, की ऐकूनच घास घशात अडकावा. आणि तरीही 'शारदा'चे पहिले अंक आपण हसत हसत पाहतो. म्हाताऱ्याची लग्नाची हौस, दीक्षिताची लबाडी, कांचनभटाचा हावरेपणा, आणि श्रीमंत म्हाताऱ्याची राणी होणार म्हणून शारदेच्या मैत्रिणींनी, विशेषतः त्या वल्लरीने, केलेली थट्टा. हे हसू वरून शिंपडलेले नाही. मुली थट्टा करतात, कारण त्यांच्या हातात दुसरे काहीच नाही. आज शारदेची पाळी, उद्या वल्लरीची. थट्टा हे त्या पोरींचे एकमेव हत्यार आहे, आणि ते बोथट आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

मग मांडव पडतो आणि नाटकाचा रंग पालटतो. आतापर्यंत ज्याला आपण हसत होतो तो म्हातारा अंतरपाटापलीकडे खरोखरच येऊन उभा राहतो. त्याच्यात काही बदललेले नाही. तोच भुजंगनाथ, तीच हौस. पण आता हसू येत नाही. उलट, मघाशी आपण हसलो कसे, याची लाज वाटते. प्रेक्षकाच्याच हसण्याचा असा साक्षीदार करून त्याला पिंजऱ्यात उभे करणे मराठी नाटकात देवलांच्या आधी कोणाला साधले असेल असे मला वाटत नाही.

इथवर सारे निर्दोष. वाद आहे तो शेवटाचा. ऐन लग्नघडीला वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघडकीस आणतो आणि लग्न मोडते. कोणीही सामान्य नाटककार इथे पडदा पाडून घरी गेला असता. देवल थांबत नाहीत. लग्न मोडले, पण मांडवातून उठलेल्या या मुलीचे पुढे काय, असे ते विचारतात. अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला कोण करून घेणार? शारदा नदीवर जीव द्यायला निघते. नाटकातला सर्वांत काळा क्षण भुजंगनाथाच्या मांडवातला नव्हे, सुटका झाल्यानंतरचा आहे! मग कोदंड तिला वाचवतो, शंकराचार्यांची संमती मिळते आणि दोघांचे लग्न होते. गोडाचे जेवण.

माझ्या तरुणपणी हा शेवट मला फार खोटा वाटे. इतका काळोख दाखवून शेवटी मंगलाष्टके! प्रेक्षकांना डोळे पुसून घरी पाठवायचे म्हणून लावलेले हे ठिगळ आहे, असे मी मित्रांना तावातावाने सांगत असे. त्यापेक्षा 'एकच प्याला' बरा, असेही म्हणत असे. गडकऱ्यांनी तळीराम आणि त्याच्या मदिरामंडळाकडून आपल्याला पोट धरून हसवले, पण शेवटच्या प्रवेशापर्यंत तळीरामाला जगू दिले नाही. सिंधू मरते तेव्हा रंगभूमीवर एकही कोटी उरलेली नसते. मला ती निष्ठुरता प्रामाणिक वाटे.

माझे मत बदलले ते एका संमेलनाच्या निमित्ताने.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात 'शारदा' थोडक्यात करायचे ठरले. शाळा कृष्णाकाठच्या एका लहान गावी, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची. तासाभराची संहिता मीच बेतली. वल्लरीच्या कामाला नववीतली एक मुलगी मिळाली. अशी वल्लरी मी पुन्हा पाहिली नाही. तिला शिकवावे लागलेच नाही. म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करताना ती हात असा काही नाचवी, की पेटी वाजवणारे आमचे शिक्षक सूर चुकत.

संमेलनाला पंधरा दिवस उरले असता ती तालमीला येईनाशी झाली. ताप आला असेल म्हणून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शारदेचे काम करणाऱ्या मुलीने बाईंना हळूच सांगितले, की तिचे लग्न ठरले आहे. नवरा तिच्या दुप्पट वयाचा, ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम. मुलीच्या वडिलांनी त्याच्याकडून उचल घेतलेली.

१९२९ साली कायदा झाला तेव्हा मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले होते. 'शारदा कायदा' असे त्याचे नाव आपल्याकडे रुळले. पुष्कळांना ते देवलांच्या शारदेवरून पडले असे वाटते. वास्तविक तो कायदा आणणाऱ्या हरविलास सारडांचे ते आडनाव. आज २००६ चा कायदा आहे, वय अठरा आहे, आणि गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी आहे. मुख्याध्यापिकाबाई धीराच्या. त्यांनी ग्रामसेवकाला गाठले, पोलिसपाटलाला घेतले, मीही मागोमाग गेलो. लग्न मोडले. येताना आम्ही फार खुशीत होतो. वाटेत थांबून चहासुद्धा घेतला.

मुलगी मात्र शाळेत आली नाही. मांडवातून उठलेली म्हणून गावात कुजबुज सुरू झाली, उचलीचे पैसे फेडायचे कसे यावरून घरात रोजची भांडणे, आणि एके दिवशी कळले की तिला मामाकडे तासगावच्या बाजूला नेऊन ठेवले आहे. देवलांनी शेवटच्या अंकात जो प्रश्न विचारला होता तो मी इतकी वर्षे वाचूनही वाचला नव्हता. चहा पिताना तर नव्हताच.

प्रयोग पाच दिवसांवर आला होता. मी संहिता पुन्हा हातात घेतली आणि सगळी थट्टा कापून काढली. वल्लरी दोन वाक्यांपुरती उरली, भद्रेश्वराचे विनोद गेले, म्हाताऱ्याला मी नुसता दुष्ट करून टाकला. हा हसण्याचा विषय नाही, असे मी मुलांना गंभीरपणे सांगितले. शेवटचे लग्नही काढले. शारदा नदीकडे चालू लागते आणि पडदा.

प्रयोग पडला. असा पडला, की मला आजही आठवले की कानशिले तापतात. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांना कळून चुकले, की मास्तर आपल्याला काही तरी शिकवणार आहेत. मागच्या रांगांतून शेंगांची टरफले वाजू लागली. शेवटी शारदा नदीकडे निघाली, तर पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "झालं? एवढंच?" जे लोक म्हाताऱ्याला हसलेच नव्हते, त्यांना त्याचे भय कुठून वाटणार?

आणि ती प्रयोगाला आली होती. मामाने मोटारसायकलवरून आणले होते. पडद्यामागे येऊन सगळ्यांना भेटली, शारदेची वेणी नीट केली, आणि जाताना मला म्हणाली, "सर, वल्लरीचं गाणं का काढलंत? मी त्याच्यासाठी आलते."

मला उत्तर देता आले नाही. माझ्या मनाने तिचे दुःख इतके मोठे केले होते, की तिची थट्टा करण्याची ताकद मी तिच्याकडून काढून घेतली होती. भुजंगनाथानेही शारदेकडून नेमके तेच काढून घेतले होते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

आता 'शारदा'चा शेवट मी वेगळा वाचतो. तो निर्दोष आहे असे अजूनही म्हणणार नाही. नदीकाठ ते मंगलाष्टके हे अंतर देवल फार घाईने तोडतात. मुलीला बुडण्यापासून वाचवायला एक क्षण पुरतो; तिला पुन्हा जगावेसे वाटायला एवढ्या वेळात जमत नाही. कोदंड हा तर उपायच आहे, माणूस होता होता राहिलेला. आणि माझी मुख्य तक्रार अशी, की शेवटी आनंद आहे पण हसू नाही. वल्लरी कुठे गेली? लग्न ठरले तेव्हा जिने थट्टा केली, तिला लग्न मोडल्यावर आणि खरे लग्न लागताना एखादी तरी थट्टा करू द्यायची होती. तसे झाले असते तर ते गोड वरून आलेल्या संमतीचे राहिले नसते, त्या पोरींचे झाले असते. तरीसुद्धा गोड शिजवावे ही देवलांची बुद्धी बरोबर होती. चुकला असेल तर दिवस चुकला.

आमच्या भागातल्या तमासगिरांना हे जास्त चांगले उमगले होते. वाळव्याकडचे रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. लहानपणी जत्रेत पाहिलेले वग मला आठवतात. राजाचे राज्य जाते, राणी वनवासाला लागते, बायाबापड्या पदराने डोळे पुसतात, आणि तेवढ्यात सोंगाड्या असे काही बोलून जातो, की ओल्या डोळ्यांनीच माणसे फिदीफिदी हसतात. वग कितीही काळा होवो, सोंगाड्याला कोणी आत पाठवीत नाही. तो राजाबरोबर वनातसुद्धा जातो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले तेव्हाही सूत्रधाराबरोबर विदूषक होताच. पुढे आपली नाटके सुधारली आणि विदूषकाला पहिल्या अंकाचे तिकीट काढून दिले गेले. शेवटच्या अंकात त्याला मज्जाव.

देवलांचे तिसरे नाटक राहिले. त्यावर फार लिहायचे नाही, कारण 'संशयकल्लोळ' न पाहिलेले मराठी घर विरळा. जुन्या गद्य 'फाल्गुनरावा'ला पदे घालून देवलांनी ते सजवले आणि गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी वारले. म्हणजे 'झुंझारराव' आणि 'शारदा' या दोन्ही काळोखांतून जाऊन आलेला हा साठीचा माणूस आयुष्याच्या शेवटी कुठे वळला, तर तेवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या थट्टेकडे. तीच तसबीर, तोच फाल्गुनराव, तोच भादव्या. आता फक्त गाणी होती. भाच्याची रीत आणखी वेगळी ती काय? लढाई संपवायची आणि मागे येऊन मेजवानीचे प्रकरण उघडायचे. मी 'संशयकल्लोळ' आता पाहतो तेव्हा कृत्तिकेवर डाफरणाऱ्या फाल्गुनरावामागे मला क्षणभर झुंझारराव उभा दिसतो, आणि हसू आणखी मोकळे येते.

माझ्या स्वतःच्या त्रयीविषयी दोन शब्द लिहिले तर वाचक राग मानणार नाहीत अशी आशा आहे. माणदेशातल्या एका घराची ती गोष्ट. पहिली कादंबरी १९७२ च्या दुष्काळाची, दुसरी १९८२ च्या गिरणी संपाची, तिसरीत घर गावी परतते आणि विस्कटते. पहिल्या दोन पुस्तकांत एक आत्या होती. फटकळ, दात पडलेली, कोणाच्याही मर्तिकाला जाऊन काही तरी भलतेच बोलणारी. वाचकांची पत्रे आली ती बहुतेक तिच्याविषयी. तिसरे पुस्तक गंभीर करायचे म्हणून मी तिला पहिल्याच प्रकरणात मारली होती. तीनशे पाने झाली. सगळे कसे शांत, उदात्त, आणि पाने उलटवत नव्हती.

भाचा पुण्याला परत गेला त्या रात्री मी ते पहिले प्रकरण काढून टाकले. शेवटच्या प्रकरणात वाड्याची वाटणी होते, भाऊ एकमेकांकडे न पाहता उंबऱ्याबाहेर पडतात आणि परसातली विहीर कोणाच्या वाट्याला यावी यावर अडते. आता आत्या विहिरीच्या काठावर बसून आहे. दोघांनाही ती म्हणते, "पाणी तर नाहीच तिच्यात. वाटून घ्या, निम्मं निम्मं."

आईला वाचून दाखवले. ती हसली. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "हिला मारू नकोस हो आता."